फ्रीस्पेस २: सिक्वेल असावा तर असा!

अंतराळयुद्धाचे गेम आवडत असतील तर १९९९ चा 'फ्रीस्पेस २' खेळाच. निर्माती कंपनी व्होलिशनने यात मोठ्या जहाजांना बीम तोफा दिल्या आणि लढाईचं रूपच पालटलं. एका झोतात क्रूझरच्या चिंधड्या उडतात, आणि आपलं छोटं फायटर त्याच माऱ्यातून वाट काढत असतं. ढाल, शस्त्रं, इंजिन यांत ऊर्जा सतत वाटून द्यावी लागते.

तेजोमेघातल्या मोहिमा तर अफलातून! रडार दगा देतं आणि धुक्यातून शिवन या परग्रही शत्रूंचं जहाज अचानक समोर उभं ठाकतं.

खटकतं एकच: कथेतली मोठी कोडी सुटत नाहीत आणि तिसरा भाग आलाच नाही. पण २००२ मध्ये सोर्स कोड खुला झाला. त्यावर चाहत्यांनी उभारलेल्या 'फ्रीस्पेस ओपन'मुळे ग्राफिक्स खूपच सुधारलंय. आधी पहिला भाग खेळा, मग हा.