मोबाईलचे महाद्वार

मालवणच्या समुद्रात कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्ग किल्ला बांधावयास घेतला. त्याचे महाद्वार तटाच्या वळणात असे लपविलेले आहे, की अगदी जवळ गेल्यावाचून ते दृष्टीस पडत नाही.

मोबाईललाही दारे असतात. नवे ॲप घेतले, की ते आपला ठावठिकाणा, छायाचित्रे व आप्तेष्टांचे क्रमांक पाहण्याची परवानगी मागते. ही परवानगी म्हणजेच दार होय. नकाशाला ठावठिकाणा लागतो. परंतु विजेरीला तो कशाला? अमेरिकेत विजेरीचे एक ॲप लोकांचा ठावठिकाणा जाहिरातदारांना पुरवीत होते, हे २०१३ साली उघडकीस आले. म्हणून कामापुरतीच परवानगी द्यावी. परवलीचा शब्द व ओटीपी कोणासही सांगू नये.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला. मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी, अशी तरतूद २०२३ च्या कायद्यात आहे. तथापि, पहिली राखण आपणच करावयाची असते.

ओहोटीबरोबर गेलेली वस्तू एखादे वेळी भरतीबरोबर परत येते. हातची गेलेली माहिती मात्र परत येत नाही. दार उघडण्यापूर्वीच विचार करावा, हेच शहाणपण होय.