श्रोणितलाच्या विकारांची प्रश्नावली : कागदी की ऑनलाइन? (भोर व वेल्हे तालुक्यांच्या संदर्भात)

गर्भाशय, मूत्राशय व गुदाशय यांना खालून आधार देणाऱ्या स्नायूंचा पडदा म्हणजे श्रोणितल. बाळंतपणे, वाढते वय व जड ओझी वाहणे यांमुळे हा आधार सैल पडला की ‘अंग बाहेर येते’, शिंकताना लघवी सुटते. भोर व वेल्हे या डोंगराळ तालुक्यांत भातलावणी व सरपणाचा भार प्रामुख्याने स्त्रियांवर असतो. परंतु या तक्रारी सहसा घराबाहेर जात नाहीत. राणी व अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले; पूर्वी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के होत्या.

अशा तक्रारींच्या मोजमापासाठी ‘पीएफडीआय-२०’ ही वीस प्रश्नांची प्रश्नावली वापरली जाते (२००५). लक्षण नसल्यास शून्य, असल्यास त्रासानुसार एक ते चार गुण; एकूण गुणांक ० ते ३००. कागदी व संगणकीय प्रश्नावल्यांच्या ४६ अभ्यासांचा आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला, त्यात दोहोंची उत्तरे जवळपास सारखीच आढळली. मात्र स्त्री स्वतः वाचते आणि उपकरण तिच्या एकटीच्या हाती आहे, हे त्यात गृहीत असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) ग्रामीण भारतात इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया २४.६ टक्केच होत्या.

पुण्यातील तरुणांविषयीचा २००५ सालचा एक अभ्यास येथे बोलका आहे. लैंगिक वर्तनाविषयी महाविद्यालयीन तरुणांनी संगणकापुढे अधिक मोकळी उत्तरे दिली. वस्तीतील तरुणांनी मात्र समोरासमोरच्या मुलाखतीत. ते पुरुष होते, हे खरे. तरीही यंत्रामुळे संकोच सर्वत्र सारखाच कमी होतो, असे मानता येत नाही.

कागद व पडदा यांतील खरा फरक कोऱ्या उत्तरात आहे. कागदावर प्रश्न सोडता येतो, आणि गुणांक उरलेल्या उत्तरांच्या सरासरीवरून काढला जातो. उत्तर दिल्याशिवाय पुढे न जाणाऱ्या ऑनलाइन प्रश्नावलीत मुलाच्या मोबाइलवर, सुनेच्या मदतीने उत्तरे देणारी सासू ‘नाही’ सांगून मोकळी होते. तिच्या त्रासाची नोंद मग शून्य अशीच होते. पडद्यावर ‘सांगायचे नाही’ हा पर्याय ठेवल्यास आणि तो कोरा धरल्यास ही चूक टळते.