दोन बोटांचं हसू

लंडनच्या लाइमहाउस वस्तीत, धुक्यानं भरलेल्या धक्क्याजवळ, बापाच्या माराला भिऊन जगणारी एक पोर आहे. बाप मुष्टियोद्धा आहे. बाहेरचा राग तो घरी येऊन तिच्यावर काढतो आणि वर तिला हसायला सांगतो. पोरीला हसता येत नाही, म्हणून ती एका हाताची दोन बोटं ओठांच्या दोन कोपऱ्यांना लावते आणि ते कोपरे वर ढकलते. ओठ हसतात, डोळे मात्र बापाच्या हाताकडे लागलेले असतात. डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्या १९१९ सालच्या ‘ब्रोकन ब्लॉसम्स’ या मूकपटात लिलियन गिश या अभिनेत्रीनं केलेली ही खूण चित्रपटाच्या इतिहासात अजून टिकून आहे. बस्टर कीटननं १९२५च्या ‘गो वेस्ट’मध्ये तिची नक्कल केली, आणि प्रेक्षक ती ओळखणार हे गृहीत धरूनच केली. ही खूण कारुण्याची आहे, असहाय निरागसतेची आहे, असं नेहमी म्हटलं जातं. मला ते अपुरं वाटतं. गिशची लूसी मला असहाय दिसते त्याहून जास्त विचार करताना दिसते. मार कसा टळेल, निदान कमी कसा होईल, याचा हिशेब त्या मुलीच्या डोक्यात क्षणभरही थांबत नाही. तो हिशेब एका शब्दाच्याही आधाराशिवाय आपल्यापर्यंत पोचतो, यातच या भूमिकेचं मोठेपण आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. टॉमस बर्क या इंग्रज लेखकाच्या ‘लाइमहाउस नाइट्स’ या १९१६च्या संग्रहातल्या एका कथेवर हा चित्रपट बेतलेला आहे. कथेतली मुलगी बारा वर्षांची. गिश तेव्हा पंचवीस वर्षांची होती आणि १९१२पासून ग्रिफिथकडे काम करत होती. आपण या भूमिकेला फार मोठ्या आहोत असं तिनंच ग्रिफिथला सांगितलं आणि मुलीचं वय पंधरा करण्यात आलं. १९१८च्या जागतिक साथीतल्या इन्फ्लुएंझातून ती नुकती उठली होती. ग्रिफिथच्या पद्धतीप्रमाणे आधी भरपूर तालमी झाल्या आणि मग प्रत्यक्ष चित्रीकरण अवघ्या अठरा दिवसांत उरकलं. लाइमहाउसचं ते धुकं, ती गल्ली, तो धक्का, सगळं लॉस एंजेलिसमधल्या स्टुडिओत उभारलेलं. चॅप्लिन, मेरी पिकफर्ड, डग्लस फेअरबँक्स आणि ग्रिफिथ यांनी त्याच वर्षी काढलेल्या युनायटेड आर्टिस्ट्सनं तो वितरित केला आणि मे १९१९मध्ये न्यूयॉर्कला तो प्रथम झळकला. गोष्ट चार वाक्यांत संपते. मारानं अर्धमेली झालेली लूसी चेंग हुआन या चिनी दुकानदाराच्या दारात कोसळते. तो तिची शुश्रूषा करतो, तिला मूकपणे जीव लावतो. बापाला, म्हणजे बॅटलिंग बरोजला, हे कळतं आणि तो तिला फरफटत घरी नेऊन मरेस्तोवर मारतो. चेंग हुआन त्याला गोळी घालतो आणि स्वतःलाही संपवतो.

गोष्ट भडक आहे, यात वाद नाही. पण मराठी वाचकाला भडक कथानक आणि थोर अभिनय एकत्र नांदू शकतात हे पटवून द्यायला नको. योगायोग असा की याच १९१९ साली गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं आणि दारुड्या नवऱ्याच्या हातून होरपळणाऱ्या सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्वांनी महाराष्ट्राला रडवलं. सिंधूजवळ गडकऱ्यांची भाषा होती, पदं होती, गंधर्वांचा गळा होता. लूसीजवळ यातलं काहीच नाही. तिला बोलायचं असलं की पडद्यावर अक्षरांची पाटी येते आणि त्या क्षणी तिचा चेहराच दिसेनासा होतो. म्हणजे शब्द येतात तेव्हा नटी नसते, आणि नटी असते तेव्हा शब्द नसतात. या अडचणीतून वाट काढायची ठरलेली रीत तेव्हा होती: छातीवर हात म्हणजे दुःख, कपाळावर हात म्हणजे निराशा, दोन्ही हात वर म्हणजे भय. रंगमंचावरून आलेली ही खुणांची बाराखडी शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी घडलेली होती. कॅमेरा हातभर अंतरावर आल्यावर ती निरुपयोगी होते, हे गिशला फार लवकर उमगलं.

तिनं काय केलं ते बघण्यासारखं आहे. धक्क्यावर लूसी पहिल्यांदा दिसते ती दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसलेली. पाठीला बाक, खांदे आत ओढलेले, मान खाली. ती चालते तेव्हा भिंतीच्या कडेनं, आपण जितकी कमी जागा व्यापू तितकं बरं अशा बेतानं चालते. गिशनं इथे भीतीचा अभिनय केलेला नाही, सवयीचा केला आहे. भीती क्षणापुरती येऊन जाते, सवय मात्र हाडांत उतरलेली असते. बाप समोर नसतानाही हे शरीर मार चुकवतच वावरतं. चंदेरी कागद गोळा करून त्याच्या बदल्यात बाजारात काही मिळतं का बघणारी, फुलाकडे नजर जाताच आपली ऐपत आठवून परत फिरणारी ही मुलगी त्या दोनतीन हालचालींतच आपल्याला पुरती कळते.

मग घरातले प्रसंग येतात. जेवण वाढताना गरम अन्न बापाच्या हातावर सांडतं आणि तो चाबकाकडे वळतो. अशा वेळी पडद्यावरची कुठलीही पीडित मुलगी रडली असती, हात जोडले असते. लूसी क्षणभर गोठते आणि दुसऱ्या क्षणी तिला बापाच्या बुटांवर धूळ दिसते. ती खाली बसून बूट पुसू लागते. इथे जरा थांबून विचार करावा. ही शरणागती नाही. त्याचं लक्ष दुसरीकडे जावं, आपण उपयोगाच्या आहोत हे त्याला आठवावं, चारसहा सेकंद मिळावेत, म्हणून सुचलेली ती युक्ती आहे. गिश बूट पुसते तेव्हा हात खाली आणि नजर वर असते. युक्ती लागू पडते का, ते ती बघत असते. दोन बोटांचं हसूही याच जातीचं आहे. ते दुःखाचं प्रदर्शन नसून हुकमाची अंमलबजावणी आहे, तीही जवळ असतील त्या साधनांनी. मालक हसू मागतो, हसू शिल्लक नाही, तर मग बोटांनी करून द्यायचं. ही खूण आपल्यालाच सुचली असं गिशनं पुढे सांगितलं आहे, आणि ते खरं वाटतं, कारण तिच्या साऱ्या भूमिकेशी ती एकजीव आहे. चेंग हुआनच्या दुकानावरच्या खोलीत रेशमी झगा, बाहुली, मऊ अंथरूण हे सगळं मिळाल्यावरही हा हिशेब सुटत नाही. तो प्रेमानं तिच्याकडे झुकतो तेव्हा तिचं शरीर त्याच जुन्या सवयीनं मागे सरतं, आणि तो तिच्या बाहीचं चुंबन घेऊन थांबतो. हा माणूस चांगला का वागतोय, या प्रश्नाचं उत्तर तिच्या अनुभवात कुठेच नाही. हेंड्रिक सार्तोव्ह यांनी टिपलेल्या तिच्या धूसर, मऊ प्रकाशातल्या छबींचं नेहमी कौतुक होतं, आणि त्या सुंदर आहेतच; पण त्या मऊ प्रकाशातही तिच्या चेहऱ्यावर एक सावध कोपरा जागा आहे, तो मला जास्त मोलाचा वाटतो.

हे सगळं ध्यानात ठेवलं की चित्रपटाच्या शेवटाकडचा कपाटाचा प्रसंग एवढा असह्य का होतो ते समजतं. बापानं घरी आणलेली लूसी भिंतीतल्या अरुंद कपाटात शिरून दार लावून घेते. बाप कुऱ्हाड घेऊन दार फोडू लागतो. ग्रिफिथ तीन ठिकाणी फिरतो: कपाटाच्या आत, दाराबाहेर, आणि उद्ध्वस्त झालेल्या खोलीत परतलेल्या चेंग हुआनकडे. दर वेळी आत परत आलं की लूसीची अवस्था आणखी पुढे गेलेली असते. सुरुवातीला ती अजून काही उपाय शोधते, ऐकते, विनवते. घाव बसू लागतात तशी ती भिंती चाचपते. आणि मग एका क्षणी ती स्वतःभोवती गरागरा फिरू लागते, सापळ्यात सापडलेल्या जनावरासारखी, तोंड उघडं, नजर कुठेच न ठरणारी. तोवर तासाभराहून अधिक काळ गिशनं शरीर आखडून ठेवलेलं आहे. एकही हालचाल मोठी केलेली नाही. ती सारी साठवण इथे एकदम सुटते. पण मला त्यातली खरी भयाण गोष्ट वेगळी वाटते. पुसायला बूट नाहीत, हसू दाखवायला समोर चेहरा नाही, बोटांना काही काम नाही. या मुलीच्या डोक्यात कायम चालू असलेला हिशेब इथे पहिल्यांदा बंद पडतो. विचार करणारं माणूस विचाराच्या पलीकडे ढकललं जाताना आपण बघतो, आणि तिची किंकाळी ऐकू येत नसल्यामुळे ती कधी संपली तेही आपल्याला कळत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सारं अतिरेकी आहे, जुन्या मूकपटांत असंच असायचं. या समजाला एक तांत्रिक कारणही आहे. मूकपट हातानं फिरवायच्या कॅमेऱ्यावर, बहुधा सेकंदाला चोवीसपेक्षा कमी चौकटींनी टिपले जात. पुढे ते बोलपटाच्या चोवीसच्या वेगानं दाखवले गेले की माणसं दुडुदुडु धावू लागतात आणि भावना विनोदी होतात. योग्य वेगात बघितला तर हा चित्रपट संथ आहे, जवळजवळ स्तब्ध. आणि अतिरेक म्हणजे काय हे बघायचं असेल तर ते याच चित्रपटात शेजारी उभं आहे. बरोज झालेला डोनाल्ड क्रिस्प डोळे वटारतो, छाती फुगवतो, तोंड वेडंवाकडं करतो. भाव आला की तो सगळ्या चेहऱ्यावर फासतो. क्रिस्प सामान्य नट नव्हता. पुढे १९४१च्या ‘हाउ ग्रीन वॉज माय व्हॅली’मधल्या बापाच्या भूमिकेसाठी त्याला ऑस्कर मिळालं. पण इथे तो अजून जुन्या बाराखडीत बोलतो आहे आणि गिश तिच्या पलीकडे गेलेली आहे.

याच तुलनेत दुसऱ्या आक्षेपाचंही उत्तर मिळतं. गिश ही ग्रिफिथची निर्मिती, त्यानं सांगितलं तसं तिनं केलं, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. ग्रिफिथचं श्रेय मोठंच आहे. कपाटाच्या प्रसंगाचं संकलन त्याचं आहे, तालमीचा आग्रह त्याचा आहे. पण एकाच दिग्दर्शकाच्या हाताखाली, एकाच चौकटीत उभे असलेले दोन नट इतक्या वेगळ्या जातीचा अभिनय करत असतील, तर तो फरक दिग्दर्शकाचा कसा म्हणायचा? आणि ग्रिफिथपासून वेगळी झाल्यावर १९२८ साली व्हिक्टर श्योस्त्रोम या स्वीडिश दिग्दर्शकाच्या ‘द विंड’मध्ये तिनं वाळूच्या वादळात मनाचा तोल ढळत जाणारी बाई ज्या ताकदीनं उभी केली, ती ताकद उधारीची असू शकत नाही.

तिसरा आक्षेप जड आहे आणि तो टाळून या चित्रपटाचं कौतुक करणं मला अप्रामाणिक वाटतं. चेंग हुआनचं काम रिचर्ड बार्थेलमेस या गोऱ्या नटानं डोळे बारीक करून, पाठ वाकवून केलं आहे. सेस्यू हायाकावासारखा जपानी नट त्याच वेळी हॉलिवूडमध्ये मोठा तारा होता, तरीही. चित्रपट या चिनी माणसाला बापापेक्षा कितीतरी उदात्त दाखवतो, पण पाट्यांवर त्याचा उल्लेख कातडीच्या रंगावरून होतो. शिवाय ग्रिफिथ म्हणजे कू क्लक्स क्लॅनचा गौरव करणाऱ्या १९१५च्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’चा कर्ता, आणि गिश त्या चित्रपटात होती. २०१९ साली ओहायोतल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठानं याच कारणानं लिलियन आणि तिची बहीण डोरोथी यांचं नाव आपल्या चित्रपटगृहावरून काढलं. त्या निर्णयाबद्दल कलावंतांत मतभेद झाले. मला तो विद्यार्थ्यांच्या बाजूनं समजण्याजोगा वाटतो. पण चित्रपटगृहाला नाव देणं हा सन्मान आहे आणि भूमिका बारकाईनं बघणं हा अभ्यास आहे. पहिला काढून घेता येतो, दुसरा सोडण्याचं कारण नाही. उलट बार्थेलमेसनं वरून चढवलेली चिनी ठेवण आणि गिशनं आतून घडवलेली लाइमहाउसची पोर यांतलं अंतर बघितलं, की मुखवटा आणि भूमिका यांतला फरक दुसऱ्या कुठल्या उदाहरणापेक्षा इथे स्वच्छ दिसतो.

राहिला सर्वांत नाजूक प्रश्न: एका मुलीच्या यातना इतक्या सुंदर करून दाखवणं योग्य आहे का? ग्रिफिथला पिचलेल्या, गोऱ्यापान, कोवळ्या मुलींचं आकर्षण होतं, आणि त्याचा कॅमेरा लूसीच्या वेदनेवर गरजेपेक्षा जास्त रेंगाळतो हे मान्य केलंच पाहिजे. हा आक्षेप ग्रिफिथला लागू पडतो, गिशला नाही, असं मला वाटतं. आणि त्याचा पुरावा अखेरच्या दृश्यात आहे. मारानं मरायला टेकलेली लूसी अंथरुणावर पडली आहे. तिथे तिला देवदूतासारखी शांत, गोड दाखवणं सोपं होतं, त्या काळच्या रीतीला ते धरूनही झालं असतं. गिश तसं करत नाही. ती हात वर आणते, दोन बोटं ओठांच्या कोपऱ्यांपर्यंत नेते, कोपरे वर उचलते. कोणी हसायला सांगितलेलं नाही. मग बोटं सुटतात, आणि कोपरे पुन्हा खाली येतात.