कृषिविषयक प्रबंधांचें भांडार

आमच्या कित्येक सभासदांच्या शेतांत कृषि विद्यापीठांचे विद्यार्थी प्रयोगांसाठीं येत असतात. ते वाफे आंखतात, मातीचे नमुने नेतात, दोन हंगाम उत्पन्नाचें वजन टिपून घेतात आणि मग दिसेनासे होतात. अशा एका सभासदानें मागील बैठकींत विचारलें, "माझ्या कांद्याच्या वाफ्यांत दोन वर्षें पाण्याच्या पाळ्या मोजल्या, त्यांतून काय निघालें, हें मला कोठें वाचावयास मिळेल?" त्या विद्यार्थ्यास पदवी मिळाल्याचें सर्वांस ठाऊक होतें; प्रबंध कोठें आहे, हें मात्र कोणासहि सांगतां आलें नाहीं. या प्रश्नाचें उत्तर देणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.

महाराष्ट्रांत राहुरी (१९६८), अकोला (१९६९), दापोली व परभणी (१९७२) अशीं चार कृषि विद्यापीठें आहेत. पूर्वीं प्रबंधाच्या मोजक्या प्रती निघत व त्या ग्रंथालयांत आणि मार्गदर्शक अध्यापकांपाशीं राहत. ज्यास पाहावयाचा असेल त्यानें प्रवास करून तेथें जावें, हाच एक मार्ग होता. आतां तसें राहिलें नाहीं. भारतीय कृषि अनुसंधान परिषदेच्या 'कृषिकोश' नांवाच्या डिजिटल भांडारांत कृषि विद्यापीठांचे प्रबंध एकत्र ठेवले जातात. त्याचप्रमाणें सर्व विद्याशाखांतील पीएच.डी.च्या प्रबंधांसाठीं गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राची 'शोधगंगा' आहे. पदवी जाहीर झाल्यापासून तीस दिवसांच्या आंत प्रबंधाची संगणकीय प्रत पाठवावी, असा नियम विद्यापीठ अनुदान आयोगानें २००९ सालीं केला होता.

भांडार म्हणजे केवळ सांठवण नव्हे. बियाण्याच्या पोत्यावर जात, हंगाम व गांव यांची चिठ्ठी नसेल, तर तें बियाणें कितीहि उत्तम असलें तरी पेरावयास कोणी धजत नाहीं. प्रबंधाचेंहि तसेंच आहे. तो दाखल करतांना विद्यार्थ्यानें शीर्षक, आपलें व मार्गदर्शकाचें नांव, विभाग, वर्ष, सारांश व शोधशब्द भरावयाचे असतात. हीच त्याची चिठ्ठी होय. परीक्षकांनीं सुचविलेल्या दुरुस्त्या केलेली अंतिम प्रत व प्रमाणपत्रें त्यासोबत जोडावीं लागतात. ग्रंथालयानें तपासणी केल्यावर प्रबंधास एक कायम क्रमांक मिळतो, व संकेतस्थळाची मांडणी पुढें बदलली तरी त्या क्रमांकावरून प्रबंध सांपडावा, अशी योजना असते.

या कामीं हयगय झाली म्हणजे काय होतें, तें पाहा. कागदांचीं नुसतीं छायाचित्रें चढविलीं, तर यंत्रास त्यांतील अक्षरें वाचतां येत नाहींत व शोध घेणाराच्या हातीं कांहींच लागत नाहीं. मराठी शीर्षक युनिकोडखेरीज जुन्या टंकांत लिहिलें, तर ठिकठिकाणीं निरर्थक चिन्हें उमटतात. शोधशब्दांत पिकाचें केवळ शास्त्रीय नांव दिलें, तर 'ज्वारी' म्हणून शोधणारास तो प्रबंध दिसत नाहीं. दोन वर्षांचे श्रम अशा अर्ध्या तासाच्या आळसानें व्यर्थ जातात.

विद्यार्थ्यांस एक भय वाटतें, तेंहि आम्हांस ठाऊक आहे. प्रबंध सर्वांस खुला केल्यास कोणी तो चोरील, किंवा नियतकालिकें त्यावरील लेख घेणार नाहींत, असें त्यांस वाटतें. परंतु दाखल केल्याची तारीख नोंदली जात असल्यामुळें काम प्रथम कोणी केलें याचा तो पुरावाच होतो, आणि प्रबंध भांडारांत ठेवल्यानें लेखकाचा स्वामित्वहक्क नष्ट होत नाहीं. शिवाय परिषदेनें २०१३ सालीं आपल्या संस्थांसाठीं जें मुक्त प्रवेशाचें धोरण ठरविलें, त्यांत प्रबंधाचें शीर्षक व सारांश तत्काळ खुले करावे, संपूर्ण मजकूर मात्र फार तर बारा महिने राखून ठेवतां यावा, अशी सोय आहे. तेवढ्या अवधींत लेख प्रसिद्धीस पाठवितां येतो.

आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती फसलेल्या प्रयोगांची नोंद. अमुक खताची जादा मात्रा देऊनहि उत्पन्न वाढलें नाहीं, असा निष्कर्ष नियतकालिकांत सहसा छापला जात नाहीं. प्रबंधांत मात्र तो आंकड्यांसह असतो. तो कपाटांत राहिला, तर तोच खर्च दुसरा शेतकरी आपल्या खिशांतून करून तेंच अपयश पदरीं घेतो. विद्यापीठें बव्हंशीं जनतेच्या पैशावर चालतात, व आमच्या शेतांतील प्रयोगास आमची जमीन, पाणी व हंगाम लागलेला असतो. त्याचें फळ आम्हांस वाचावयास मिळावें, ही कांहीं याचना नव्हे.

तथापि खुला असलेला प्रबंधहि बहुधा इंग्रजींत असतो, म्हणून तो आमच्या बहुतेक बांधवांस बंदच राहतो. यास्तव सभासदांस आमची अशी सूचना आहे कीं, प्रयोगासाठीं शेत देतांनाच विद्यार्थ्यापाशीं दोन गोष्टी बोलून घ्याव्या: प्रबंध दाखल होतांच त्याचा कायम क्रमांक कळवावा, व निष्कर्षाचा एक पानाचा मराठी सारांश द्यावा, आणि तोच सारांश प्रबंधालाहि जोडावा. विद्यार्थ्यास हें एका दिवसाचें काम आहे. असे सारांश संघाकडे आल्यास ते या मासिकांत छापण्यास आम्ही आनंदानें जागा देऊं. ज्या सभासदानें प्रश्न विचारला, त्याच्या कांद्याच्या वाफ्यांपासूनच आरंभ व्हावा, अशी आमची इच्छा आहे.