हिंवाळ्यांतील बदकांची निगा

पौषाची थंडी पडूं लागली म्हणजे निफाडच्या पट्ट्यांत पारा कांहीं वर्षीं ५ अंशांच्याही खालीं उतरतो, आणि द्राक्षांच्या बागांतून रात्रीं शेकोट्या पेटतात. अशा वेळीं दारचीं चार-सहा बदकें बाहेर कशीं तगतील, ही चिंता पाळणाऱ्यास वाटणें साहजिक आहे. आम्हांसही ती वाटली होती, आणि त्या चिंतेपायींच आम्हीं दोन बदकें गमाविलीं. तो प्रकार येथें अशासाठीं सांगतों कीं, इतरांचें तसें नुकसान होऊं नये.

सरकारी नोकरींतून निवृत्त झाल्यावर नातीच्या हट्टाखातर आम्हीं सहा खाकी कॅम्पबेल बदकें आणिलीं. पहिल्याच हिंवाळ्यांत गारठा वाढतांच खुराड्याच्या जाळीस चोहोंकडून गोणपाट व त्यावर प्लॅस्टिकचा कागद बांधून एक फटही राहूं दिली नाहीं. पाण्याचें घमेलेंही आंतच ठेविलें. आठ-दहा दिवसांनीं सकाळीं दार उघडलें तों उग्र वासानें डोळे चुरचुरले. खालचा भुसा चिखलासारखा झालेला, कागदाच्या आंतल्या अंगास पाण्याचे थेंब लोंबत असलेले, आणि कोपऱ्यांत दोन बदकें मरून पडलेलीं. नात एवढेंच म्हणाली, "आजोबा, तुम्ही त्यांना कोंडून ठेवलंत." पशुवैद्यांनींही निराळें कांहीं सांगितलें नाहीं. तीस वर्षें सरकारचें दप्तर आम्हीं कोरडें राखलें. घरचीं बदकें मात्र ओलींत ठेविलीं, ही रुखरुख अद्याप जात नाहीं.

वास्तविक थंडी सोसण्याची सोय निसर्गानेंच बदकास दिली आहे. शेपटीच्या मुळाशीं असलेल्या ग्रंथीचें तेल तें चोंचीनें पिसांस चोळतें, त्यामुळें पाणी आंत शिरत नाहीं. पिसांखालच्या मऊ लवेंत हवा सांठून राहते व ऊब टिकते. पायांत उतरणारें ऊन रक्त वर चढणाऱ्या गार रक्तास वाटेंतच आपली उष्णता देतें. म्हणून पाय गार राहिले तरी अंगांतील उष्णता वायां जात नाहीं. नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयावर हिंवाळ्यांत उत्तरेकडून येणारीं रानबदकें सारी रात्र थंड पाण्यावर काढतात, हें त्या भागांतील शेतकरी दर वर्षीं पाहतोच.

मग बदक दगावतें कशानें? ओलीनें आणि कोंदट हवेनें. बदकाची विष्ठा फार पातळ असते. खुराडें बंद राहिलें कीं ओल वाढते, अमोनिया वायु सांचतो, डोळे व फुप्फुसें बिघडतात. भिजल्या भुशावर बुरशी धरली तर छातीचा रोग जडतो.

यास्तव पुढील व्यवस्था ठेवावी. वारा येतो ती बाजू खालून दीड-दोन हात बंद करावी. वर छपराजवळ मात्र जाळी उघडी असावी, म्हणजे झोत अंगावर येत नाहीं व दमट हवा निघून जाते. जाळीची वीण बारीक असावी, कारण मुंगूस व रानमांजर लहान फटींतूनही शिरतात. दर बदकास तीन-चार चौरस फूट जागा द्यावी. खालीं भाताचें तूस किंवा कोरडा भुसा चार बोटें जाड पसरावा, ओला झालेला रोज काढून टाकावा. पाणी रात्रीं आंत ठेवूं नये, व मग दाणाही ठेवूं नये, कारण पाण्यावांचून दाणा बदकाच्या घशांत अडकतो. दिवसा मात्र डोकें बुडेल इतकें, पांच-सहा इंच खोल पाणी हवें. नाकपुड्या व डोळे तें त्यांतच धुतें. बहुतेक अंडीं सकाळीं नऊच्या आंत पडतात, म्हणून ऊन वर आल्यावर बदकें सोडावीं. अंडीं वायां जात नाहींत व दंवही टळतें.

थंडींत दाणा थोडा वाढवावा. पण बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड किंवा मका कदापि घालूं नये. १९६० सालीं इंग्लंडांत अशाच पेंडीनें लाखावर टर्की पक्षी मेले व बदकांचीं पिलेंही दगावलीं. त्यावरूनच पुढें अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. बदकास हें विष विशेष बाधतें.

पिलांस मात्र वरील नियम लागूं नाहीं. आईवांचून वाढविलेल्या पिलांच्या अंगावर तेलाचा लेप नसतो. तीं पाण्यांत भिजलीं तर गारठून मरतात. पहिले तीन-चार आठवडे त्यांस दिव्याची ऊब द्यावी. तसेंच रानबदकें उतरतात त्या पाण्यावर घरचीं बदकें सोडूं नयेत. बर्ड फ्लूची बाधा अशाच संसर्गानें येऊं शकते.

त्या वर्षीं आम्हीं वरचें गोणपाट काढून टाकिलें व भुसा बदलला. उरलेल्या चारांपैकीं एकही त्या थंडींत गेलें नाहीं. वाचकांनीं आज सायंकाळीं खुराड्यांत हात घालून तळचा भुसा मुठींत दाबून पाहावा. ओल हातास लागली तर थंडीची चिंता सोडून आधीं तो बदलावा.