राउटरच्या दारावरचा पहारा

कुंभकोणमचा महामहम उत्सव दर १२ वर्षांनी भरतो. मागचा २०१६चा, पुढचा २०२८चा. एका तळ्याभोवती लाखो माणसं आणि जवळपास प्रत्येकाच्या हाती मोबाइल. अशा गर्दीत राउटरमधून पलीकडे जाणाऱ्या डेटापेक्षा खुद्द राउटरच्या नावे येणारी पाकिटं जास्त छळतात, कारण ती थेट प्रोसेसरवर आदळतात. तिथला पहारा म्हणजे 'कंट्रोल प्लेन पोलिसिंग': पाकिटांचे क्लास पाडायचे, प्रत्येकाला मर्यादा घालायची आणि जादा पाकिटं टाकून द्यायची, म्हणजे 'ड्रॉप'.

पहारेकरी फार कडक झाला की घरचेच बाहेर अडकतात. लिंक धडधाकट, तरी ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलचा शेजारी राउटर गायब! इथरनेटवर साधारणपणे दर १० सेकंदांनी येणारा 'हॅलो' ४० सेकंद पोचला नाही, की राउटर शेजारी मेला असं धरतो. दोष पहाऱ्याचाच आहे का, हे पाहायला सिस्कोवर 'शो पॉलिसी-मॅप कंट्रोल-प्लेन' ही कमांड द्या, मिनिटभराने पुन्हा द्या. एकदाच पाहिलेला आकडा जुना साठाही असेल. ड्रॉप आत्ता कुठल्या क्लासमध्ये वाढतायत ते महत्त्वाचं. चोर बहुधा 'क्लास-डिफॉल्ट'मध्ये सापडतो, कुठलं पाकीट कुठल्या क्लासचं हे ठरवणाऱ्या अ‍ॅक्सेस लिस्टमध्ये लिहायचं राहिलेलं सगळं तिथेच पडतं. उदाहरणार्थ, बीजीपी या राउटिंग प्रोटोकॉलचं १७९ पोर्ट सोर्स आणि डेस्टिनेशन दोन्हीकडे लिहावं लागतं. हे हमखास विसरलं जातं.

नवी मर्यादा लावताना आधी जादा पाकिटंही जाऊ द्या, नुसती मोजा. ड्रॉप नंतर, आणि तोही उत्सवाच्या आदल्या रात्री नको.