मालवणच्या पाण्यातले प्रवाळ

सराफ बाजारात मंगळासाठी अंगठीत बसवून मिळणारे लाल पोवळे आणि समुद्रात खडक उभारणारे प्रवाळ ही एकच वस्तू, अशी पुष्कळांची समजूत असते. आमचीही बरीच वर्षे तीच होती. परंतु दागिन्यातले पोवळे प्रामुख्याने भूमध्य समुद्रातून येते. त्या प्राण्याच्या तोंडाभोवती बोटांसारख्या आठ स्पर्शिका असतात, आणि समुद्राखालचे प्रचंड खडक बांधण्याचे काम तो करीत नाही. ते काम करणारे पाषाणप्रवाळ निराळे. त्यांच्या स्पर्शिका सहाच्या पटीत असतात. यांतले काही प्रवाळ पाहण्यासाठी परदेशी जावयास नको. ते आपल्या मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, उथळ पाण्यात राहतात.

प्रवाळ हा प्राणी आहे, वनस्पती नव्हे. पुष्कळ जातींत एकेक प्राणी ज्वारीच्या दाण्याएवढा असतो. तो समुद्रातला चुना घेऊन स्वतःखाली एक वाटी घडवतो आणि तीत बसतो. त्याला कोंब फुटून एकाचे दोन, दोनांचे चार होतात, वाटीवर वाटी चढते, आणि अशा हजारो भावंडांची मिळून वसाहत बनते. मालवणला आढळणाऱ्या पोराइटिस या प्रवाळाचा गोटा वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. म्हणजे गुडघ्याइतका उंच गोटा दिसला, तर त्याचे वय अर्ध्या शतकाच्या घरात धरावे.

एवढे बांधकाम करण्याची ताकद या इवल्या प्राण्यात येते कोठून? त्याच्या पेशींच्या आत सोनेरी-तपकिरी रंगाचे सूक्ष्म शैवाल राहते. ते उन्हावर साखर तयार करते आणि तिचा मोठा भाग घरमालकाला देते. प्रवाळाच्या गरजेचा नऊदशांशपर्यंत भाग यातून भागतो. उलट प्रवाळाच्या शरीरातून निघणारी घाण हेच शैवालाचे खत. आम्ही आयुष्यभर मालक-कामगारांचे करार घडवीत आलो, पण दोन्ही पक्षांच्या इतका सोयीचा करार आमच्या हातून काही झाला नाही.

हा करार किती जुना आणि किती खोल, हे २०११ साली कळले. जपानमधील ओकिनावाच्या शास्त्रज्ञांनी अॅक्रोपोरा जातीच्या एका प्रवाळाची संपूर्ण आनुवंशिक लिपी वाचली. तीत सुमारे २३,७०० जनुके निघाली, परंतु सिस्टीन नावाचे एक आवश्यक अमिनो आम्ल बनविण्यासाठी लागणारे जनुक मात्र सापडले नाही. ज्या कामाची कुवतच उरली नाही, त्यासाठी तो प्रवाळ भागीदारावर अवलंबून असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

आता संकट याच ठिकाणी आहे. समुद्राचे पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्याहून अंशभर जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की शैवालाचा कारभार बिघडतो व त्यातून विषारी द्रव्ये तयार होऊ लागतात. प्रवाळ त्याला बाहेर काढतो. रंग मुख्यतः शैवालाचा, म्हणून ते गेल्यावर खालचा पांढरा चुना दिसू लागतो. असा पांढरा पडलेला प्रवाळ मेलेला नसतो; तो उपाशी असतो. पाणी लवकर निवळून थंड झाले तर शैवाल परतते, नाही तर उपासमारीने तो मरतो. १९९८ साली लक्षद्वीपला याचा जबर फटका बसला. २०१४ ते २०१७ या काळात जगभर पुन्हा मोठी लाट आली, तेव्हा मालवणच्या प्रवाळांवरही हा पांढरेपणा दिसला. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथी जागतिक लाट जाहीर केली.

मग यातून काही प्रवाळ वाचतात ते कसे? येथे नाशिककरांना द्राक्षबाग आठवावी. खुंटावर थॉमसनचे कलम बांधून केलेल्या बागेत वेली हजार असल्या, तरी आनुवंशिकदृष्ट्या त्या एकाच वेलीचे तुकडे. म्हणून केवडा पडला की सगळ्या बागेवर सारखाच पडतो. प्रवाळाची वसाहतही अशीच कोंबांनी वाढलेली, सगळी एकाच रक्ताची. लाटेने मोडलेला तुकडा दुसरीकडे रुजला, तरी तो जुनाच. नवे रक्त येते ते बीजापासून: वसाहती पाण्यात अंडी व शुक्रबीजे सोडतात, त्यांतून तरंगती अळी होते आणि ती दूर कोठे तरी चिकटते. ऑस्ट्रेलियात २०१५ साली असे आढळले की उष्ण भागातल्या आईबापांच्या अळ्यांची उष्णतेत तगण्याची शक्यता दहापटीपर्यंत जास्त असते, आणि त्यात आईचा वाटा मोठा. काही प्रवाळ उष्णता सोसणाऱ्या दुसऱ्या जातीचे शैवाल घरात घेतात. त्याने एक ते दीड अंश अधिक सोसवते, पण वाढ मंदावते.

यावरून मालवणचे महत्त्व ध्यानात येईल. पावसाळ्यात खाड्यांचे गढूळ, गोडे पाणी तेथे येऊन मिळते. पोराइटिस, टर्बिनारिया अशा ते सोसणाऱ्या जातीच तेथे टिकल्या आहेत. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंग्रिया बँकेवर निवळ पाण्यातले प्रवाळ आहेत. ते उचलून मालवणला लावले तर रुजतीलच असे नाही.

१३ एप्रिल १९८७ रोजी शासनाने मालवणला सुमारे २९ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर केले. मच्छीमारांनी विरोध केला, कारण त्यांना धंदा बुडण्याची धास्ती होती. आम्हाला ती धास्ती रास्त वाटते; ज्याच्या जाळ्यावर नियम येणार, त्याला आधी विचारावयास हवे होते. पण समुद्रातल्या जीवजातींपैकी सुमारे चौथा हिस्सा प्रवाळांच्या आश्रयाने जगतो, आणि मच्छीमाराची माशांची पिल्ले तेथेच वाढतात. तेव्हा या दोघांचे हित एकमेकांविरुद्ध मांडणे आम्हाला पटत नाही. २००१ पासून सर्व पाषाणप्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. तुकडा तोडून घरी आणणे हा गुन्हा आहे.

मे महिन्याच्या सुटीत येथून पुष्कळ मंडळी मालवणला जातात आणि प्रवाळ पाहण्यासाठी पाण्यात उतरतात. थकल्यावर पाय टेकायला जो खडक सापडतो, तो बहुधा जिवंत असतो. होडीवाल्याला नांगर वाळूत टाकावयास सांगावे. वाळू कोठे आणि प्रवाळ कोठे, हे त्याला पाण्याच्या रंगावरून कळते.